गल्लीतला वेग उतरवायचा असेल तर स्पीड ब्रेकर मागण्याआधी कोपरा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरातल्या संभाजीनगरकडून राधानगरी रोडला जाणाऱ्यांना तुमच्या वसाहतीतला आतला रस्ता सापडला आहे. सिग्नल नाही, पोलीस नाही, डांबर नवं. सकाळी शाळेच्या वेळेला आणि रात्री क्लास सुटल्यावर गाड्या बुंगाट जातात. गेल्या वर्षभरात कोपऱ्यावर सायकलवरच्या एका मुलीला दुचाकीनं उडवलं, एक आजोबा मोटार चुकवताना गटारीत पडले आणि किरकोळ घासाघासी तर रोजचीच. बैठकीत दोन गट पडलेत. एक म्हणतो, दर पन्नास मीटरला स्पीड ब्रेकर घाला. दुसरा म्हणतो, गेट बसवून रस्ताच बंद करा. महापालिकेला दिलेल्या अर्जावर ‘नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर आलं. पुढं काय करायचं, असं तुम्ही विचारता.

रस्त्यांची सुरक्षा तपासणी हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि त्यातलं पुष्कळसं याच जिल्ह्यातलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही गटांचं दुखणं खरं आहे, पण दोघांनी मागितलेलं औषध चुकीचं आहे. गाडी किती वेगानं जाणार हे चालवणारा ठरवतो असं आपण धरून चालतो. खरं तर ते बहुतेक वेळा रस्ताच ठरवतो. रुंद, सरळ, मोकळा पट्टा दिसला की सरळमार्गी माणूससुद्धा मूठ पिळतो. तोच माणूस शिवाजी पेठेतल्या बोळातून जाताना पंधराच्या वर जात नाही, कारण पुढचं वळण दिसत नाही, दारात कुणीतरी बसलेलं असतं, आणि हँडल दोन्ही बाजूंना घासायची भीती असते. जुन्या पेठांची रचना कुणी वेग कमी करण्यासाठी केली नव्हती, पण तिथं तो आपोआप कमी होतो. उपनगरांत आपण नऊ-बारा मीटरचे सरळसोट रस्ते आखले आणि आता त्यांवर लोकांनी हळू चालवावं म्हणून हात जोडतो आहोत.

वेगावर मी एवढा का अडून बसतो ते आकड्यात बघा. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरला त्या सेकंदात गाडी ८ मीटर पुढं सरकते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० ला त्या पहिल्या सेकंदातच गाडी जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे तिशीतली गाडी जिथं पूर्ण थांबली, तिथं पन्नाशीतली गाडी अजून ब्रेकसुद्धा न लागता मुलाच्या अंगावर येते. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे शाळेत शिकलेलं गणित इथं कामाला येतं. रस्ता सुरक्षेवरच्या २०२० सालच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथं पायी माणसं, सायकली आणि मोटारी एकत्र असतात तिथं ताशी ३० ची मर्यादा ठेवा असं म्हटलं आहे, ते याच कारणानं. आपल्याकडं केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कमाल वेग मोटारीला ७० आणि दुचाकीला ६० आहे. त्याहून कमी मर्यादा स्थानिक पातळीवर घालता येते, पण ती घातल्याचा फलक तुमच्या रस्त्यावर नसेल, तर पन्नासनं जाणारा पोरगा निव्वळ वेगापुरता कायदा मोडतच नाही. पोलिसांना ‘कारवाई करा’ म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

पहिलं काम मोजणीचं. ‘गाड्या लई जोरात जातात’ या वाक्यावर कुठलाही अभियंता फाईल उघडत नाही. रस्त्याच्या सरळ भागात टेपनं बरोबर ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूनं रेघ मारा. एकानं बाल्कनीत किंवा गेटच्या आत उभं राहायचं, फोनवरचं स्टॉपवॉच लावायचं. ५० मीटर पार करायला ६ सेकंद लागले तर वेग ३०. साडेचार सेकंद लागले तर ४०. ३.६ सेकंदात गेली तर ५०. शंभर गाड्या मोजा, त्या वेगाप्रमाणं उतरत्या क्रमानं लावा आणि वरून पंधरावी गाडी बघा. साधारण पंच्याऐंशी टक्के लोक त्या वेगाच्या आत चालवतात, आणि अभियंते बोलतात ते याच आकड्याबद्दल. मोजणारा माणूस रस्त्यावर हातात वही घेऊन दिसता कामा नये, नाहीतर सगळे लगेच सज्जन होतात. मोजणी तीन वेळांना करा: शाळा भरताना, भर दुपारी आणि क्लास सुटताना. दुपारी रस्ता मोकळा असतो, त्यामुळं सगळ्यात जास्त वेग बहुधा तेव्हाच सापडतो आणि त्याकडं कुणाचंच लक्ष नसतं.

त्याबरोबर थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद ठेवा. कुणी करकचून ब्रेक मारला, कुणी सायकल सोडून बाजूला उडी मारली, कुणी आरडाओरडा केला. तारीख, वेळ, कुठला कोपरा, कोण कुठून कुठं चाललं होतं. हे लिहून ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवायची व्याख्या अशी आहे: साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. ही फूटपट्टी लावली तर वसाहतीतला कुठलाच कोपरा कधीही धोकादायक ठरणार नाही, आणि ठरला तर तोवर फार उशीर झालेला असेल. पोलिसांकडचे अपघात आता आयरॅड या संगणकीय नोंदीत जातात, पण तुमच्या आजोबांसारखं गटारीत पडणं तिथं पोचत नाही. ती नोंद तुम्हीच ठेवायची.

आता कोपऱ्याकडं या, कारण तुमच्या वर्णनातले दोन्ही अपघात कोपऱ्यावरचे आहेत. लेआउट आखताना कोपऱ्यावरचा प्लॉट कापून वळण मोठं गोल ठेवतात. वळण जितकं मोठं, तितकी गाडी वेग न उतरवता वळते. आणि पायी माणसाला तेवढंच जास्त अंतर ओलांडावं लागतं. किती जागा फुकट आहे हे शोधायची माझी आवडती युक्ती वळवाच्या पावसाची आहे. पहिला वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात जाऊन उभे राहा. पावसानं वाहून आलेली माती वाळून बारीक थर धरते. जिथून चाकं जातात तिथं डांबर काळं दिसतं, जिथून जात नाहीत तिथं माती, पानं, प्लास्टिकचे कप साचलेले असतात. त्या मातीच्या कडेला खडूनं रेघ मारा आणि फोटो काढा. रेघेच्या आतली सगळी जागा मोटारींना कधीच लागत नव्हती. ती पायी माणसाला देता येते, आणि तेही कुणाची इंचभर जागा न घेता.

त्यावरचा पुढचा टप्पा म्हणजे चाचणी. कोल्हापुरात तालमीच्या पोरांना मैदान आखायची सवय आहे. एका रविवारी फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी भुकटी, आणा, मातीच्या रेघेवरून कोपऱ्याचा नवा छोटा गोलावा आखा, आणि त्या रेघेवर वाळूची पोती किंवा रंगवलेले जुने टायर मांडा. शहर वाहतूक शाखेची आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या. परवानगीशिवाय टायर मांडले आणि कुणी धडकलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मांडून झाल्यावर घंटागाडी, पाण्याचा टँकर आणि जमलं तर अग्निशमनची गाडी वळवून बघा. अडली तर रेघ अर्धा मीटर मागं घ्या. मग तीच ५० मीटरची मोजणी पुन्हा करा, शिवाय वळणावरचा वेगही टिपा. वेग उतरला की तो अर्जाला जोडायचा कागद झाला. उतरला नाही, तरी फार बिघडलं नाही, पोती उचलायची. सिमेंट ओतल्यावर मात्र ती सोय राहत नाही.

याच कोपऱ्याबद्दल एक कडू गोष्ट. तिथं कायम दोन-तीन मोटारी उभ्या असतील आणि त्या बाहेरच्यांच्या नसतील. वसाहतीतल्याच असतील. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना निदान सहा मीटर जागा मोकळी सोडली तर वळणाऱ्याला आणि ओलांडणाऱ्याला एकमेकांचे चेहरे दिसतात. यासाठी महापालिका लागत नाही, बैठकीतला ठराव पुरतो. दुसरा अडथळा डिजिटल फलकांचा. वाढदिवस, निवड, फुटबॉलमधला विजय, सगळं कोपऱ्यावरच्या खांबाला बांधायचं ही आपल्या शहराची हौस. मोटार चालवणाऱ्याची नजर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असते आणि पहिली-दुसरीतलं पोर तेवढंच उंच असतं. कोपऱ्यावर दोन फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंतचा पट्टा रिकामा पाहिजे, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात भाऊंचा हात जोडलेला फोटो लटकत असतो. मंडळाच्या पोरांना समजावून सांगा, फलक वीस पावलं मागं घेतला तर भाऊ तेवढेच दिसतात. माझा अनुभव असा की तालमीतल्या एका वडीलधाऱ्यानं शब्द टाकला की हे काम नोटिशीपेक्षा लवकर होतं.

आता स्पीड ब्रेकर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार उंचवट्याचं माप दिलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. या मापाचा उंचवटा ताशी २५ ला आरामात पार होतो आणि चाळीसला चांगला दणका देतो. त्याच्याआधी ४० मीटरवर सूचना फलक आणि उंचवट्यावर रात्री चमकणारे काळे-पांढरे पट्टे पाहिजेत. आता तुमच्या आसपासचा कुठलाही उंचवटा टेपनं मोजा. रुंदी बहुधा दोन फूट, उंची सहा इंच, रंग नाही. असल्या उंचवट्यावर पंधरालाही कंबर मोडते, मागं बसलेली बाई उडते, सायकल घसरते, आणि नेहमीचे लोक तो चुकवायला गटारीच्या कडेनं, म्हणजे पायी माणसांच्या वाटेनं गाडी घालतात. दोन उंचवट्यांच्या मधल्या भागात वेळ भरून काढायला पुन्हा मूठ पिळली जाते, त्यामुळं आवाज आणि धूर दोन्ही वाढतो. सीपीआर रुग्णालयाकडं निघालेल्या रुग्णवाहिकेतल्या हाड मोडलेल्या माणसाचा विचार करा. दर पन्नास मीटरला एक म्हणजे तुमच्याच घरातल्या आजारी माणसाची शिक्षा.

आणि रात्रीत उगवणारे उंचवटे तर नकोतच. अपघात झाला की पोरं चिडून सिमेंट ओततात, ते स्वाभाविक आहे, पण त्यावर दुसऱ्याच कुणाचा बळी जातो आणि ओतणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो.

उंचवटा हवाच असेल तर एकच मागा, आणि तो शाळेच्या फाटकासमोर. तोही साधा नको. पदपथाच्या पातळीला आणलेला सपाट टेबलासारखा ओलांडणीचा पट्टा मागा: वर झेब्रा पट्टे, निदान तीन मीटर सपाट भाग, दोन्ही बाजूंना सौम्य उतार. इथं पायी माणूस खाली उतरत नाही, गाडी वर चढते. मुलांच्या गाड्या, चाकाच्या खुर्च्या सरळ जातात. करताना गटारीकडचं पाणी जायला कडेनं पाईप ठेवला का ते स्वतः उभं राहून बघा. आपल्याकडच्या पावसात पाणी अडलं की पहिल्याच जुलैत लोक तो फोडायला लावतात.

गेटचा विषय पटकन संपवतो. रस्ता सार्वजनिक आहे, तो बंद करायचा अधिकार वसाहतीला नाही. मधोमध खांब रोवून मोटार अडवायची आणि पायी-सायकलवाल्याला सोडायचं ही युक्ती परदेशात चालते. आपल्याकडं रस्त्यावर बहुसंख्य दुचाकी, त्या खांबांमधून आरामात निघतात, आणि तुमचा त्रास तर दुचाकीचाच आहे. एकेरी वाहतुकीचाही हट्ट धरू नका. समोरून कुणी येणार नाही ही खात्री झाली की वेग वाढतो, आणि उलट दिशेनं घुसणारे वेगळेच. रस्ता रुंद करा असं कुणी म्हणालं तर हात जोडा. रुंदीकरणानं मुख्य रस्त्यावरची कोंडी कदाचित सुटेल, गल्लीतली मुलं सुरक्षित होत नाहीत.

उलट करा. रस्त्याची दिसणारी रुंदी कमी करा. दोन्ही कडांना पांढरी रेघ ओढून मोटारींसाठी साडेपाच मीटर ठेवले, उरलेल्या जागेत पार्किंग आखून दिलं आणि ते पार्किंग एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला आलटूनपालटून घेतलं, तर सरळ रस्ता आपोआप नागमोडी होतो. रंगाशिवाय खर्च नाही. पार्किंगच्या जागा कमी होणार ही ओरड होईल, पण आता जिथं मन मानेल तिथं गाड्या लागतात त्यापेक्षा आखल्यावर बहुधा तितक्याच मावतात.

सायकलवाल्यांबद्दल. कोल्हापुरात सायकल म्हटलं की रंकाळा तलावावर हेल्मेट घालून निघणारी मंडळी आठवतात, पण रोजच्या सायकली वेगळ्याच: पेपर टाकणारी पोरं, दूध घालणारे, शाळेच्या मुली, शिफ्टला जाणारा कामगार. त्यांना सायकल ट्रॅकपेक्षा रस्त्याची कड नीट हवी. तुमच्या रस्त्याच्या कडेनं एकदा वाकून चाला. गटारीवरची लोखंडी जाळी बघा. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर असतील तर सायकलचं पुढचं चाक सरळ आत जातं आणि स्वार डोक्यावर पडतो. जाळी उचलून आडवी बसवायची, एवढंच. ती चौकोनी असेल तर दोन माणसं आणि एक पहार पुरते, आयताकृती असेल तर आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून घ्यायच्या. मग चेंबर बघा. डांबरावर डांबर चढत गेल्यानं चेंबरचं झाकण तीन-चार इंच खाली खड्ड्यात जातं, आणि डांबराची कड मातीपासून तेवढीच उंच होते. मागून हॉर्न वाजला की सायकलवाला कडेला येतो आणि त्या कडेवरून घसरतो. नवं डांबरीकरण करताना आधीचा थर खरवडून काढा आणि झाकणं पातळीला आणा, ही मागणी अंदाजपत्रकातच जायला हवी, नंतर कुणी ऐकत नाही. आणि कोपऱ्यावर बांधकामाची वाळू, खडी सांडलेली असेल तर ती झाडून घ्यायची जबाबदारी ज्याचं बांधकाम त्याची. वळणावरच्या मूठभर खडीनं पडलेले दुचाकीवाले मी पुष्कळ पाहिलेत, त्यात वेगाचा संबंध नसतो.

पदपथाचं माप आयआरसी १०३ मध्ये आहे: अडथळ्याशिवाय मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. आपल्याकडं गटारीवर फरशा टाकल्या की पदपथ झाला असं समजतात. फरशी तुटली की आजोबांना रस्त्यावर उतरावं लागतं, आणि तिथंच मोटार येते. तुमच्या आजोबांच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही, पण पडले त्या जागेच्या मागं-पुढं वीस पावलं चालून बघा, तुटकी फरशी किंवा एखाद्या बंगल्याचा रस्त्यापर्यंत आलेला रॅम्प सापडेल. गाडी आत घ्यायचा रॅम्प कंपाऊंडच्या आत असायला हवा. तो बाहेर काढला की पदपथाचे तुकडे होतात. ज्यांच्या दारात असा रॅम्प आहे त्यांनीच बैठकीत रस्ता सुरक्षेवर भाषण करणं हा प्रकार मी एकाहून अधिक वसाहतींत पाहिलाय.

भाजीच्या गाड्या हटवा असं मात्र लगेच म्हणू नका. कोपरा सोडून थोड्या आत त्या उभ्या असतील तर त्यांच्यामुळं रस्त्यावर माणसं राहतात, आणि माणसं असली की वेग उतरतो. त्यांची जागा ठरवायला २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार समिती असते.

रात्रीचा उजेड. ओलांडायच्या पट्ट्यावर दिवा बरोबर डोक्यावर किंवा पलीकडं असला तर येणाऱ्या गाडीला पायी माणसाची नुसती काळी आकृती दिसते. दिवा येणाऱ्या गाडीच्या बाजूला, पट्ट्याच्या काही मीटर आधी हवा, म्हणजे माणसाच्या अंगावर उजेड पडतो. खांब हलवणं अवघड असेल तर दिव्याची भुजा वळवता येते. बऱ्याच वेळा तर दिवा ठीक असतो, झाडाची फांदी आड येते. तक्रार करताना खांबाचा क्रमांक लिहा, नाहीतर वायरमन येऊन दुसराच दिवा बघून जातो.

तुमच्या भागात आणखी एक हंगामी धोका आहे. दिवाळीच्या आसपास गळीत सुरू झालं की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शहरालगतच्या सगळ्या रस्त्यांवर येतात. मागं दिवा नाही, बाहेर आलेला ऊस, आणि रात्री बंद पडलेली ट्रॉली तशीच कडेला. त्या आतल्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून अवजड वाहनांना प्रवेशबंदीची अधिसूचना मागा. तोवर एखाद्या रविवारी नाक्यावर उभं राहून मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर चिकटवून द्या, ड्रायव्हर नाही म्हणत नाहीत. म्हशींचा मात्र काही उपाय नाही. त्या चालल्या की सगळी वाहतूक त्यांच्या वेगानं चालते, आणि खासगीत सांगायचं तर माझ्या दृष्टीनं त्या शहरातल्या सगळ्यात भरवशाच्या गतिरोधक आहेत.

क्लास सुटतानाच्या गर्दीत बिनलायसन्सची मुलं किती हे तुम्हीही बघितलं असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. क्लासवाल्यांना सांगून ही तरतूद प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून सही करून घ्यायला लावा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सुविचारांपेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

शेवटी कागद कुठं आणि कसा द्यायचा. रस्ता महापालिकेचा असेल तर तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयातला उपशहर अभियंता हा पहिला माणूस. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार कार्यालयं आहेत, तुमचा प्रभाग कुणाकडं ते आधी विचारून घ्या. वेगमर्यादा, पार्किंगबंदी, अवजड वाहनांना बंदी या गोष्टी अभियंत्याच्या हातात नसतात. आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं त्या पोलीस अधीक्षकांच्या अधिसूचनेनं होतात आणि प्रस्ताव शहर वाहतूक शाखेतून जातो. म्हणून दोन वेगळे अर्ज करा. एकाच अर्जात दहा मागण्या घातल्या की तो दहा टेबलांवर फिरतो आणि अकराव्या टेबलावर झोपतो.

अर्ज एका पानाचा. वर कोपऱ्याचा हातानं काढलेला नकाशा, मोजणीचा तक्ता, वळवानंतरच्या मातीच्या रेघेचा फोटो, टळलेल्या अपघातांची यादी. खाली एकच मागणी. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि तिथं पोलीस, आरटीओ, बांधकाम, महापालिका सगळे एकाच टेबलावर बसतात. टोल घालवणाऱ्या शहराला आंदोलन कसं करायचं हे मी सांगायला नको, पण रास्ता रोकोनं मिळतो तो घाईत टाकलेला उंचवटा. समितीच्या इतिवृत्तात विषय आला तर मिळतं ते आराखड्यासकट काम.

अर्जात कायद्याच्या दोन-तीन ओळी जरूर घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ प्रमाणं ठरलेल्या मानकांनुसार रस्ता न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगून राज्यांना धोरण आखायला लावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या चेंबरमुळं मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचे आदेश दिले. हे धमकीच्या सुरात लिहू नका. अभियंत्यालाही वर फाईल पाठवताना कारण लागतं, ते त्याला तयार मिळतं.

वेळ साधणं महत्त्वाचं. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून डांबरीकरणाच्या निविदा निघतात. तुमचा रस्ता त्यात आहे का, हे माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि कार्यादेशाची प्रत मागून कळतं. रस्ता त्यात असेल तर कोपऱ्याचा नवा गोलावा, कडेच्या पांढऱ्या रेघा, चेंबर पातळीला आणणं आणि शाळेसमोरचा पट्टा हे सगळं त्याच कामात बसवून घ्या, वेगळा निधी शोधायला लागत नाही. नसेल तर पुढच्या अर्थसंकल्पासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच कागद आत गेलेला असला पाहिजे, मार्चमध्ये दिलेला अर्ज वर्षभर मागं पडतो. तोपर्यंत जाळी वळवणं, कोपऱ्यावरच्या गाड्या हटवणं, फलक मागं घेणं आणि फांद्या छाटून घेणं याला थांबू नका. मोजणीचा तक्ता तयार झाला आणि आकडे वाचताना कुठं अडलात तर तक्ता आणि कोपऱ्याचा फोटो पाठवा, बघून सांगतो.